नाक हलकं, शेपूट जड: मोठ्या ट्रेलरच्या पहिल्या लांब प्रवासाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका कुटुंबाचं आहे आणि त्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, वजनं जवळच्या पाच-दहा किलोला गोल केलीत. माणसं पाच: गाडी चालवणारा भाऊ, त्याची थोरली बहीण म्हणजे ताई, ताईचे मिस्टर म्हणजे भाऊजी, आणि ताईची दोन मुलं. मी प्रवासात नव्हतो. नंतर भावाशी आणि ताईशी वेगवेगळं बोललो, आणि दोघांचं सांगणं जिथे जुळत नाही तिथे तसं लिहिलंय, कारण बऱ्याचदा गडबड नेमकी तिथेच होती.

पार्श्वभूमी

ट्रेलर राहायचा, आत बेड-किचन-बाथरूम असलेला, पिकअपच्या मागच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, अडकवून ओढायचा. हिचसकट (हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारी रचना) लांबी साडेआठ मीटर, मध्याच्या जरा मागे चाकांचे दोन ॲक्सल. रिकामं वजन २,६०० किलो, आणि भरून जास्तीत जास्त ३,४०० पर्यंत चालेल असं प्लेटवर लिहिलेलं. पिकअपची ओढायची क्षमता ४,२०० किलो. भावाने हे दोन आकडे शेजारी ठेवले, मध्ये आठशे किलोची फट दिसली, आणि त्याच्या दृष्टीने गणित तिथेच संपलं.

ते तिथे संपत नाही. ओढायची क्षमता हा जाहिरातीतला आकडा असतो, तो गाठायच्या आधी बहुतेक पिकअपमध्ये दुसराच आकडा संपतो, पेलोड. म्हणजे गाडीच्या अंगावर किती वजन चढवता येतं, माणसं, सामान, हिच, आणि ट्रेलरचं नाक बॉलवर जे वजन टाकतं ते टंग वेट, सगळं त्यातच. हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. यांच्या गाडीचा होता ७२०. पाच माणसं मिळून २९०, हिचचा सांगाडा ४५, मागच्या हौद्यात टाकलेलं सामान १००, झाले ४३५. म्हणजे नाकासाठी उरले २८५. आणि अशा मोठ्या ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, ट्रेलर भरून ३,२५० झाला होता, म्हणजे कमीत कमी ३२५. (युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनचं प्रमाण वेगळं आणि कमी असतं, तिकडचे आकडे इकडे लावू नका.)

हे गणित निघण्याआधी कुणी केलं नव्हतं. पण भावाला डोळ्यांनी दिसत होतं की ट्रेलर अडकवला की पिकअप मागून बसते आणि पुढून उचलते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून त्याने त्याच्या मते शहाणपणाचं काम केलं: नाकावरचं वजन कमी केलं. पाण्याची टाकी ट्रेलरच्या मागच्या भागात होती ती १८० लिटर पूर्ण भरली, आणि सायकली स्टँडसकट मागच्या बंपरवर लावल्या, त्या साधारण ६० किलो. पिकअप सरळ उभी राहिली. भाऊजींनी सुद्धा बघून मान डोलावली.

आता हे बरोबर वाटणं समजण्यासारखं आहे. नाकावर आता फक्त २३० किलो होते, पेलोडमध्ये सगळं ६६५ वर बसत होतं, स्टिकर खूश. पण ३,२५० च्या मानाने २३० म्हणजे सात टक्के. गाडीची तक्रार मिटवताना ट्रेलरला शेपूट-जड करून ठेवलं होतं आणि ते उभ्या गाडीत कुणालाही दिसत नाही.

अडचण: उतारावर

पहिले काही तास काही झालं नाही. वेग ताशी ८० च्या आसपास, रस्ता सपाट, वारा नाही. ताई म्हणते की तिला अधूनमधून "मागून कुणीतरी खांद्याला हात लावल्यासारखं" जाणवत होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणतो असं कुणी काही बोललं नाही. काहीही असो, तो हलका झोका ही पहिली सूचना होती, आणि तेव्हा थांबले असते तर पुढचं बरंच टळलं असतं.

मग लांब उतार लागला, वेग नकळत ९५ वर गेला, आणि शेजारून एक मोठी बस ओव्हरटेक करून गेली. मोठं वाहन शेजारून जाताना आधी हवेचा दाब ट्रेलरच्या मागच्या भागाला बाहेर ढकलतो, आणि ते पुढे सरकलं की तोच ट्रेलर आत ओढला जातो. नाकावर पुरेसं वजन असेल तर एक झुळूक येते आणि जाते. इथे गेली नाही. ट्रेलर एकदा डावीकडे गेला, परत उजवीकडे थोडा जास्त, मग डावीकडे अजून जास्त, आणि प्रत्येक वेळी पिकअपचं बूड सोबत घेऊन. आरशात ट्रेलरची एक बाजू पूर्ण दिसायची, मग गायब, मग दुसऱ्या आरशात दुसरी बाजू.

भावाचा पाय ब्रेकवर गेला. तो अगदी साहजिक आहे, पण पिकअपचा वेग जोरात कमी झाला की मागचे सव्वातीन टन पुढे ढकलतात आणि झोका वाढतो. वाढला. ताई ओरडली, "अरे ब्रेक मार, ब्रेक!" आणि नेमकं तेव्हा त्याने ब्रेक सोडला. त्याने ब्रेक कंट्रोलर बसवून घेतला होता, डॅशबोर्डखाली छोटी डबी, तिला एक सरकणारी पट्टी. ती पट्टी बोटाने दाबली की फक्त ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक लागतात, पिकअपचे नाही. त्याने ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, झोक्याच्या उलट फिरवायचा मोह आवरला आणि पट्टी दाबली. ट्रेलर मागून ओढायला लागला, दोरी ताणल्यासारखा सरळ झाला आणि मागे आला. हे सगळं फार तर सात-आठ सेकंदांचं असेल.

ही पट्टी कुठे आहे हे त्याला अंधारात चाचपूनही सापडलं असतं, कारण बसवणाऱ्याने निघण्याआधी मोकळ्या जागेत हळू वेगात ती दोन-तीनदा दाबायला लावली होती. या प्रकरणात एक गोष्ट निखळ बरोबर झाली असेल तर ती ही.

पर्याय: थांबल्यावर

पुढे विश्रांतीची जागा होती तिथे ५०च्या वेगाने जाऊन थांबले. मुलं गप्प, भाऊजींचं म्हणणं पडलं की आता ७० च्या वर जायचंच नाही, हळूहळू पोचू. हा पर्याय वाईट नाही, झोक्याला वेग लागतो, वेग कमी ठेवला तर बराच धोका कमी होतो. पण पुढे अजून दोन उतार होते, आणि उतारावर वेग धरून ठेवायला लागणारे खालचे गिअर आणि ब्रेक हे सगळं आधीच डळमळणाऱ्या जोडीवर वापरायचं होतं. शिवाय मूळ कारण तसंच मागे बसलेलं.

दुसरा पर्याय शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सुचवला. यांच्याकडे फ्रिक्शन स्वे बार होता, म्हणजे हिच आणि ट्रेलरच्या मधली घर्षणाची दांडी, जी झोक्याला आवरते. "अजून घट्ट करा, काही होत नाही," असं ते म्हणाले. असे सल्ले अशा जागी हमखास मिळतात, देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्याचा स्वतःचा ट्रेलर बहुतेक नीट लोड केलेला असतो. स्वे बार चांगल्या लोडिंगला मदत करतो, वाईट लोडिंग झाकतो, आणि झाकलेलं कधीतरी एकदम उघडं पडतं. ताईने इथे बरोबर प्रश्न विचारला: "पण मग हे हललं कशामुळे?" त्या माणसाकडे उत्तर नव्हतं.

तिसरा पर्याय, रिकामं करून लोड बदलायचा. वेळ जाणार, पाणी जाणार, हौदा उचकटायचा. भावाने हाच घेतला, आणि इथे त्याने फोनवर मॅन्युअल उघडून पहिल्यांदा टक्केवारी वाचली. टाकीचा खालचा कॉक उघडून १८० लिटर स्वच्छ पाणी सोडून दिलं, सायकली बंपरवरून काढून आत ॲक्सलच्या वरच्या जागेत आडव्या बांधल्या, आणि पिकअपच्या हौद्यातलं १०० किलो सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगत. मागचं पाणी गेल्याने नाकावर वजन वाढणार, म्हणून गाडीच्या अंगावरचं दुसरं वजन उतरवलं, हे त्यातलं खरं डोकं. पाणी तर मुक्कामावर मिळणारच होतं, १८० किलो फुकट ओढत होते. यांची हिच वेट डिस्ट्रिब्युशनची होती, म्हणजे नाकाचं वजन स्प्रिंग बारच्या ताणाने पुढच्या चाकांवरही वाटणारी; त्या स्प्रिंग बारची एक कडी बदलली, म्हणजे पुढची चाकं परत जमिनीवर नीट बसली. नट तपासले, टायरला हात लावून बघितला, कुठला एखादा जास्त गरम नाही ना.

यात दीड तासाच्या वर गेला. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. पण त्या दीड तासाची किंमत संध्याकाळी लागली.

दुसरा टप्पा: उशीर

पुढचा रस्ता ८५ वर शांत गेला, ट्रकही शेजारून गेले, ट्रेलर जागेवर. पण मुक्कामाला पोचायची वेळ आता अंधार पडल्यानंतरची झाली होती. ताईचं म्हणणं, तिने वाटेत दोनदा सांगितलं की अलीकडेच एका मोठ्या पार्किंगमध्ये रात्र काढू, अडकवलेल्या अवस्थेतच. भावाला आठवतं ते एकदाच आणि तेही "तुला दमायला झालं असेल तर" अशा सुरात. दमला होता, पण असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? निर्णय माणसाच्या दमण्यावर टांगला की तो मान्य करणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. "दिवस मावळायच्या आत पोचत नसू तर अलीकडे थांबायचं" असं निघतानाच ठरलं असतं तर विचारायची वेळच आली नसती.

फोन करून त्यांनी मुक्कामाच्या जागी विचारलं की आरपार जाता येईल अशी जागा आहे का, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, मागे घ्यायची भानगड नाही. सगळ्या भरलेल्या. आपली जागा मागे घेऊन लावायचीच. विचारलं हे चांगलं केलं, फक्त बुकिंगच्या वेळी विचारायला हवं होतं.

अंधारात मागे घेणं

जागा चार मीटर रुंद, एका बाजूला वीज-पाण्याचा खांब, दुसऱ्या बाजूला झाड. ट्रेलरची रुंदी अडीचच्या आत, म्हणजे कागदावर भरपूर. पण आतला रस्ता ज्या बाजूने आले त्या बाजूने आल्यावर जागा ड्रायव्हरच्या अंध बाजूला पडत होती. ड्रायव्हरच्या बाजूला मागे घेताना खिडकीतून डोकं बाहेर काढलं की ट्रेलरची सगळी भिंत आणि मागचं चाक दिसतं. अंध बाजूला घेताना थोड्या कोनानंतर आरशात फक्त ट्रेलरचा पत्रा दिसतो, त्याच्या पलीकडे काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

मागे घ्यायची हातोटी भावाला येत होती. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा, ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्यायचा, थोडंच, आणि वाट बघायची. लांब ट्रेलर उशिरा ऐकतो पण निदान अंदाज देतो, छोटा ट्रेलर क्षणात काटकोनात जातो. चूक हातोटीत नव्हती. ताई टॉर्च घेऊन मागे झाडापाशी उभी राहिली, म्हणजे भावाला कुठल्याच आरशात दिसत नव्हती. भाऊजी खांबापाशी. दोघंही एकाच वेळी सांगत होते, "घे, घे," "अरे उजवीकडे," आणि उजवीकडे म्हणजे कुणाची उजवी, ट्रेलरची का पिकअपची, शेपटाची का स्टिअरिंगची. धाकट्या मुलाने मध्येच "मामा, थांब!" असं ओरडून घेतलं आणि ते भावाला फक्त ओरडणं वाटलं.

मुलाला खरं म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं दिसलं होतं. ट्रेलर मागे वळत असताना पिकअपचं नाक उलट्या बाजूला लांब झेपावतं, आणि ते समोरच्या जागेतल्या एका दगडी कठड्याकडे चाललं होतं. मागे बघणारे दोन, पुढे बघणारा शून्य, तो सोडून.

भाऊ थांबला तो मात्र वेगळ्याच कारणाने. हिचमधून कर्रर्र असा आवाज आला. उतरून बघितलं तर फ्रिक्शन बार काढलाच नव्हता. तो बार तीव्र कोनात मागे घेण्याआधी काढायचा असतो, नाहीतर वळताना तोच वाकतो. वाकला होता, थोडा. आणि पिकअपचा मागचा कोपरा ट्रेलरच्या पुढच्या गॅस सिलेंडरच्या झाकणापासून वीतभर. अजून पाव फेरी आणि जोडी चाकूसारखी दुमडली असती, पिकअपचा कोपरा झाकणात.

इथला निर्णय महत्त्वाचा आहे. आवाज कळला, बार काढला, आता परत प्रयत्न करायला हरकत काय होती? पिकअप पुढे घेऊन सरळ केली, सगळे परत जागेवर उभे राहिले, आणि ताई म्हणाली, "नको. मला तू दिसत नाहीस आणि तुला मी दिसत नाही, आपण काय करतोय?" भाऊजींना अजून एकदा करून बघायचं होतं, लोक खिडकीतून बघत होते तेही त्यांना खटकत होतं. भावाने ताईचं ऐकलं. व्यवस्थापकाला विचारून प्रवेशाजवळच्या रुंद पट्टीवर रात्रभर ट्रेलर अडकवलेलाच उभा केला, चाकांना ओंडके लावले आणि आत झोपले. बेड उघडता आले, स्लाइड-आउट, म्हणजे ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग, काढता आला नाही, मुलांना अडचण झाली, सकाळी सगळे चिडचिडे उठले. एवढ्यावर भागलं.

सकाळी

उजेडात भाऊ आधी पायी फिरून आला. पायी फिरल्यावर कळलं की आतला रस्ता गोल आहे आणि एकेरी नाही, उलट्या बाजूने आलं की तीच जागा ड्रायव्हरच्या बाजूला पडते. रात्री हेच गाडीतून उतरून दोनशे पावलं चाललं असतं तरी कळलं असतं.

यावेळी सांगणारा एकच: ताई. ती अशा जागी उभी राहिली की ड्रायव्हरच्या आरशात सतत दिसेल, आणि ठरलं की आरशात ताई दिसली नाही की भावाने विचार न करता थांबायचं. दिशेसाठी तोंडाने शब्द नाही, फक्त हात, ज्या बाजूला शेपूट जायला हवं त्या बाजूला. भाऊजी पिकअपच्या नाकावर लक्ष ठेवायला. "थांब" हा शब्द मात्र कुणीही म्हणू शकतो, मुलंसुद्धा, आणि म्हटला की थांबायचं, मग कारण विचारायचं.

भावाने जागेच्या पुढे जाऊन गाडी आधीच थोडा कोन देऊन उभी केली, म्हणजे मागे घेताना कमी वळवावं लागेल. दोनदा पुढे घेऊन सरळ केलं. मध्येच एकदा उतरून मागे जाऊन बघून आला, शेपटाच्या वरच्या कोपऱ्याला फांदी लागतेय का ते, कारण ताई जमिनीकडे बघत होती. बसला आत.

सुटं करताना

सगळ्यांना वाटलं संपलं, आणि घसरायची वेळ तेव्हाच आली. जागा पुढच्या बाजूला, म्हणजे पिकअपकडे, किंचित उतरती होती. घरच्या आवारात उतार मागे होता, त्यामुळे भावाला चाकामागे ओंडका लावायची सवय. त्याने तसाच लावला, मागे. पुढे काही नाही.

त्याने आधी डावी-उजवी पातळी बघितली, एका बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून ट्रेलर सरळ केला, हे क्रमाने बरोबर. मग लाकडी ठोकळ्यावर जॅक टेकवला, स्प्रिंग बार काढले, कपलरची, म्हणजे नाकाच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीची, कडी उघडली, आणि जॅक फिरवायला लागला. बॉल कपलरमध्ये ताणलेला होता, तो जॅक वर चढत असताना थोडा थोडा सुटायचा तसा सुटला नाही, एकदम "टॉक" करून निघाला. ट्रेलर हातभर पुढे आला. जॅकचा पाय ठोकळ्यावरून घसरला, ठोकळा तिरका झाला, कपलर पिकअपच्या बंपरला टेकून थांबला. ट्रेलर पिकअपला बांधणाऱ्या सुरक्षेच्या चेन अजून सोडल्या नव्हत्या, विजेची वायरही. भावाचा हात जॅकच्या हँडलवर होता, कपलरखाली नव्हता. पाय मात्र जवळ होते.

चेन शेवटी सोडायची सवय कुणी शिकवली हे त्याला आठवत नाही. बऱ्याच ट्रेलरना पार्किंग ब्रेक नसतोच (युरोपातल्या कॅराव्हॅनना हँडब्रेक असतो), वायर काढली की इलेक्ट्रिक ब्रेकही मेले. ब्रेकअवे स्विचची पिन ओढून ब्रेक लावून ठेवायचा उपाय काही जण करतात, तो बॅटरी संपेपर्यंतच टिकतो, आणि तो त्यासाठी नाहीच, ट्रेलर चालता चालता सुटला तर लागावा म्हणून आहे. उभ्या ट्रेलरला धरतात ते चाकांचे ओंडकेच, दोन्ही बाजूला, पुढून आणि मागून, हिच सोडायच्या आधी. मागच्या कोपऱ्यातले स्टॅबिलायझर पाय ट्रेलर उचलायला नाहीत आणि धरायलाही नाहीत, ते फक्त आत चालताना हलू नये म्हणून.

परत अडकवून, पिकअपने मागे सरकवून, पुढे ओंडके ठोकून दुसऱ्यांदा सोडला. दुसऱ्यांदा भावाने कपलर सोडायच्या आधी पिकअपचा ब्रेक क्षणभर सोडून बघितला, ट्रेलरने जोडीचं वजन ओंडक्यांवर टेकवलं की नाही ते कळतं. मग निवांत सुटला.

निकाल

नुकसान म्हणाल तर एक वाकलेला फ्रिक्शन बार, बंपरवर एक पोचा, एक गेलेली संध्याकाळ. माणसांना काही झालं नाही.

परत आल्यावर भाऊजींनी आग्रह धरला की वजन करायचंच, आणि नुसतं नाही, जाताना होता तसाच लोड करून. म्हणजे टाकी भरून, सायकली बंपरवर लावून वजनकाट्यावर नेलं, सावकाश. तीन वजनं घेतली: अडकवलेली पण स्प्रिंग बार सैल ठेवून फक्त पिकअपची चाकं काट्यावर, मग सगळी जोडी, मग ट्रेलर बाजूला सोडून एकटी पिकअप. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे टंग वेट. २३० आला, वर लिहिलेले बाकीचे आकडेही तिथलेच. मग विश्रांतीच्या जागी केलेल्या लोडने परत: ट्रेलर ३,१७०, नाक ३५५, म्हणजे ११ टक्क्यांच्या जरा वर. पिकअपच्या अंगावर माणसं, हिच आणि नाक मिळून ६९०. अंदाजाने केलेलं इतकं जवळ बसलं याचं भावाला कौतुक वाटतं, मला ते थोडं नशीबही वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

काट्यावर आधी जायला हवं होतं हे उघड आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला क्षण तो, जेव्हा पिकअप मागून बसलेली दिसली आणि नाक हलकं केलं. लक्षण गाडीत दिसलं, इलाज ट्रेलरवर केला. तेव्हा हौदा रिकामा करून सामान ॲक्सलवर नेलं असतं आणि टाकी जवळजवळ रिकामी ठेवली असती तर त्याच गाडीत, त्याच माणसांसकट सगळं बसत होतं. म्हणजे गाडी बदलायची गरज नव्हती, पाणी बदलायची होती.

वेगाबद्दल भावाशी माझा थोडा वाद झाला. तो म्हणतो ९५ काही जास्त नाही. काही ट्रेलर-टायरची मर्यादा ताशी १०५ च्या आसपास असते, त्या हिशोबाने तो आत होता, पण उतारावर वेग आपण निवडायचा असतो, उतारावर सोडायचा नसतो. माथ्यावरच खालचा गिअर टाकला असता तर बस शेजारून गेली तेव्हा तो ७५ वर असता.

संध्याकाळचा भाग मला जास्त विचार करायला लावतो, कारण तिथे कुणाला कशाची माहिती कमी नव्हती. फक्त हाक मारायचा अधिकार कुणाला, थांबायची वेळ कोणती, हे आधी ठरलेलं नव्हतं. ताई आता निघायच्या आधी घड्याळात एक वेळ ठरवून टाकते, त्यानंतर कुठेही मागे घेणं नाही. भाऊ कुरकुरतो, पण पाळतो.

एका गोष्टीवर मात्र घरात अजून एकमत नाही. भाऊ म्हणतो आता लोड समजला, हीच पिकअप पुरे. भाऊजींना मोठी गाडी हवी आहे, नाहीतर स्वतः मुलांना घेऊन वेगळ्या कारने यायचं असा त्यांचा दुसरा प्रस्ताव. मी भाऊजींच्या बाजूचा आहे. ७२० मध्ये ६९० म्हणजे फक्त ३० किलो शिल्लक, आणि दोन्ही मुलं वाढत्या वयाची आहेत, दोन वर्षांत तेवढे तेच खातील.